तेल ओकणारी जीप

शालन यादव यांचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं. उत्तराला एक शब्द पुरेसा होता. त्यांनीच तसं लिहिलं होतं. ‘तुम्ही पुस्तकं लिहिणारे, तुम्हाला वेळ नसेल. म्हणून जास्त विचारत नाही. त्या दिवशी आमच्या गाडीचं जे झालं, ते मामंजींनी केलं होतं का? हो किंवा नाही, एवढंच कळवा.’ सोबत एक कोरं कार्ड होतं, त्यावर त्यांनी स्वतःचा पत्ताही लिहून पाठवला होता.

मी ‘हो’ लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. ‘नाही’ लिहिलं असतं तरी खोटंच. आणि एका शब्दापेक्षा जास्त लिहायची मला मोकळीक नव्हती. कार्ड कोरंच राहिलं.

डिझेल इंजिनावरचं माझं एक पुस्तक आहे. आयटीआयच्या मुलांसाठी लिहिलेलं. एकेकाळी ते बरं खपायचं. पुस्तकामुळे लोक मला इंजिनांतला जाणकार समजायचे आणि मी संकोचून गप्प बसायचो. मला गाडी चालवता येत नाही हे तर मी कोणाला सांगतच नसे. जे काही मला येत होतं ते वाचून आलेलं होतं, आणि वाचून आलेल्या गोष्टींवर माझा स्वतःचाच फारसा विश्वास नव्हता.

त्यामुळे पाटणहून बाबालाल मुल्लाणीचा फोन आला तेव्हा माझी पहिली इच्छा फोन खाली ठेवायची झाली.

“सर, तुमच्या पुस्तकावर मी शिकलो,” तो म्हणाला. “आता त्याच पुस्तकानं मला वाचवा. एकदा येऊन जावा.”

“अहो, मी काय मेकॅनिक आहे?”

“म्हणूनच तर. मेकॅनिकचं आता हितं कोण ऐकंना झालंय. पुस्तक लिहिणाऱ्याचं ऐकतील.”

नाही म्हणायला मला कधीच जमलं नाही. मी एसटीनं गेलो.

बाबालालचं गॅरेज पाटणच्या स्टँडामागे होतं. पस्तिशीचा, उंच, बोटं सदा काळी. मला बघून त्याने हात पुढे केला, मग स्वतःच मागे घेतला आणि कोपर पुढे केलं. आम्ही कोपरांनी हस्तांदोलन केलं. मग त्याने एका फडक्यावर ठेवलेला जुना टर्बो, म्हणजे इंजिनात हवा रेटणारा पंखा, माझ्यासमोर धरला.

“शाफ्ट हलवून बघा, सर.”

मी हलवून बघितला. मला काही कळलं नाही. मी “हं,” म्हणालो.

“ढिला हाय ना? आणि तोंड बघा, तेलानं बरबटलंय. इंटरकूलर उपडा केला तर वाटीभर तेल पडलं. मागनं निळा धूर. मी म्हटलं टर्बो गेला. नवा आणला, पेटीतनं फोडून घातला. चार दिवस नीट चालला आणि पाचव्या दिवशी परत तेच. नवा टर्बोपण तेल ओकायला लागला.”

“गाडी कोणाची?”

हे सांगायच्या आत बाहेर एक जीप थांबली आणि पांढऱ्या टोपीतले एक धिप्पाड गृहस्थ आत आले. नाना पानसकर. पाटणच्या स्टँडवरून खोऱ्यातल्या गावांना माणसं भरून नेणाऱ्या जिपा असतात, तिकडे त्याला वडाप म्हणतात. त्या वडापवाल्यांचे हे म्होरके.

“हेच का ते पुस्तकवाले?” त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “मास्तर, सरळ सांगतो. शिरळवाडीची शालन यादव, नवरा गेल्यावर त्याची जीप सोता चालवती. खोऱ्यात बाईमानूस ष्टेरिंगवर पयलंच. आमी पन आदी नाकं मुरडली, खोटं कशाला बोला. पन बाई कष्टाळू. आन् ह्यानं तिच्या गाडीत भंगारातला टर्बो नवा म्हनून घातला, असा बोभाटा झालाय.”

“नाना, कुराणाची शपथ...”

“शपथ र्‍हाऊ दे. धूर कुनाला खोटं बोलत न्हाई.” पानसकर माझ्याकडे वळले. “ह्ये खरं असंल तर ष्टँडावरची एक गाडी ह्याच्या दारात यायची न्हाई. खोटं असंल तर तुमी तसं सांगा. तुमी सांगाल ते आमी धरू.”

“मी?” माझा आवाज नको इतका बारीक निघाला.

“मग कशाला बोलावलंय तुमास्नी, च्या प्यायला?”

चहा मात्र आला. मी तो प्यायलो. बाबालाल माझ्याजवळ सरकला. तो हळूच म्हणाला, “सर, तुमीच लिवलंय की पुस्तकात. टर्बो आपनहून मरत न्हाई, त्याला कुनीतरी मारतं.”

मी असं वाक्य लिहिलं होतं खरं. छान वाटलं म्हणून लिहिलं होतं.

शिरळवाडीला पानसकरांच्याच जिपेतून गेलो. रस्ता घाटाचा, उजवीकडे खाली नदी. वाटेत पानसकरांनी यादवांच्या घरची हकिकत सांगितली. संपत यादव पोटाच्या दुखण्यानं गेला. पोर दीड वर्षाची. शालनच्या कराडच्या भावाचं म्हणणं, जीप विक आणि माहेरी ये. शालनचं म्हणणं, जीप चालवून इथंच राहीन. आणि सासऱ्याचं म्हणणं, घरची सून चार गावची माणसं भरून फिरणार असेल तर आपण त्या गाडीला हात लावणार नाही.

“चावडीवर बोलला म्हातारा, समद्यांदेखत,” पानसकर म्हणाले. “आन् पाळलं बरं का. पाटणला कोरटाच्या कामाला पायी गेला, पन सुनंच्या गाडीत बसला न्हाई. राऊ यादव म्हंजे एकदा बोलला की संपलं.”

यादवांचं घर गावाच्या वरच्या अंगाला होतं. अंगणात जीप उभी. ओट्यावर एक म्हातारा नातीला मांडीवर घेऊन बसलेला, जिपेकडे पाठ करून. शालन दारातून बाहेर आल्या. पंचविशीच्या, नऊवारीचा पदर खोचलेला, पायात पुरुषी चपला.

बाबालालला बघताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. “बाबालालभाऊ, तुमाला कुनी बोलवलं?”

“वहिनी, सर आलेत पुण्यास्नं. फक्त बघनार.”

“सर बघतील. तुमी गाडीला हात लावायचा न्हाई. पाना बी उचलायचा न्हाई.”

“अवो वहिनी, मग नट सोडनार कोन? नाना सोडनार?”

“सर सोडतील की. पुस्तक लिवलंय न्हवं?”

पानसकर मोठ्यानं हसले. बाबालालने माझ्याकडे केविलवाणं पाहिलं आणि पान्यांची पिशवी माझ्या हातात दिली. ती माझ्या अंदाजापेक्षा फार जड होती.

मी शालनताईंना गाडी सुरू करायला सांगितली. किल्ली फिरवताच, अर्ध्या फेऱ्यातच इंजिन लागलं. जरा वेळाने मागून निळसर धूर यायला लागला. मी तेल भरायच्या तोंडाचं झाकण फिरवून नुसतं वर ठेवलं, तर ते कढत्या भातावरच्या झाकणीसारखं थडथडायला लागलं आणि शेवटी उडून खाली पडलं. तोंडातून तेलाची वाफ भसाभस बाहेर.

“बॅक कॉम्प्रेशन!” पानसकर म्हणाले. “इंजिनच गेलं की हो. रिंगा संपल्या. आता समदं उतरवायचं.”

बाबालाल मटकन पायरीवर बसला. शालनताईंनी इंजिन बंद केलं.

“इंजिन उतरवायचं असंल,” शालनताई म्हणाल्या, “तर माज्याच्यानं व्हायचं न्हाई. तसं असंल तर आत्ताच सांगा. भावाला कळवते, गाडी घिऊन जाऊ दे. आन् मी बी जाते पोरीला घिऊन. किती दिस झगडू?”

ओट्यावर म्हाताऱ्याची पाठ जराशी हलली. नातीने त्याची पानतंबाखूची चंची ओढली, त्याने ती तिला खेळायला दिली.

माझ्या डोक्यात पुस्तकाचं पान उघडलं होतं. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा दाब खाली इंजिनाच्या पोटात उतरतोच. चांगल्या इंजिनातही उतरतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदर, म्हणजे एक पाइप, असतो. रिंगा झिजल्या तर झाकण उडतं. पण ब्रीदर बुजला तरीही उडतं. आणि पोटात दाब कोंडला की टर्बोतून खाली परतणारं तेल उतरत नाही, मग ते बाजूने टर्बोच्या तोंडाशी येतं. नवा टर्बो घाला नाही तर सोन्याचा घाला. पण हे इंजिन अर्ध्या फेऱ्यात लागलं होतं. झिजलेलं इंजिन असं लागेल का? मला वाटलं, नाही. मग वाटलं, मला काय माहीत?

“बाबालाल,” मी विचारलं, “ब्रीदरचा पाइप कुठे जातो?”

“संपतच्या वक्ताला मीच खाली सोडलाय, सर. तेल टर्बोत जाऊ नये म्हनून. चासीच्या आतल्या अंगानं मागं नेलाय, डायवरच्या सीटखाली तोंड.”

“ते तोंड बघितलंत?”

तो पायरीवरून उठला. “वरनं बघितला,” मग म्हणाला. “वरनं साफ होता.”

“वरनं!” शालनताई उसळल्या. “म्हंजे खालनं बघितलंच न्हाई? आन् टर्बो मातुर बदलला!”

“वहिनी, त्यो पाइप आतल्या बाजूला...”

“तुमी बोलूच नका!”

पानसकर मध्ये पडले. बाबालालही आता भडकला होता. तिघांचं जिपेच्या तोंडाशी जुंपलं आणि तेवढ्यात मी, पांढऱ्या सदऱ्यानिशी, मागच्या बाजूने जिपेखाली शिरलो. खरं सांगायचं तर त्या भांडणापासून दूर जायची तेवढी एकच जागा होती.

खाली अंधार आणि तेलाचा वास. चासीच्या पट्टीच्या आत हात घालून मी पाइप चाचपत गेलो. तोंडाशी बोटांना काहीतरी कडक लागलं. डांबराच्या गोळ्यासारखं. कचरा, मला वाटलं. पण त्याला दोरा होता. दोऱ्याला गाठ होती, पक्की, निगुतीने मारलेली.

मी नखाने तो गोळा खरवडला. कापड. घडीवर घडी घातलेलं, तेल, धूळ आणि पाण्याच्या चिकट साक्याने थिजून गेलेलं. पाइपाच्या आत कोंबलेलं नव्हतं, तोंडावर बांधलेलं होतं. आपल्याकडे नळाच्या तोंडाला पाणी गाळायला फडकं बांधतात, अगदी तसं. कापडाच्या एका कडेला किरमिजी काठ होता.

मी दोरा तोडला आणि गोळा उपसला. पाइपातून तेलाचा भपका आला.

मान वळवली तर जिपेच्या मागच्या चाकाशी दोन अनवाणी पावलं उभी होती, आणि त्यांच्यावर धोतराचा किरमिजी काठ.

पावलं दुमडली. म्हातारा खाली उकिडवा बसला आणि त्याने आत डोकावलं. पांढरी खुरटी दाढी, डोळे बारीक. त्याने मोठ्याने म्हटलं, “चंची कुठं पडली माजी?” आणि मग ओठ न हलवल्यासारखं, माझ्यासाठी: “मास्तर, त्ये फडकं कुनाला दावू नगा.”

मी म्हणालो, “तुम्ही बांधलंत?”

“व्हय.” त्याने भांडणाच्या दिशेने बघितलं. “सुनंला वास लागायचा. तेलाचा. सीटखालनं वर यायचा आन् घाटातनं घरी आली की तिला उलटी व्हायची. मी आयकायचो, परसात वकायची. बोलायची न्हाई कुनाला. बोलली असती तर मीच म्हनलो असतो, सोड गाडी. म्हनून बोलायची न्हाई.”

“म्हणून फडकं?”

“नळाला बांधतोच की आपन. पाणी येतं, घाण र्‍हाती. मला वाटलं वास बी र्‍हाईल. राहिला बी, तिची उलटी थांबली. ती उठायच्या आदी बदलायचो, धुतलेलं बांधायचो. पन मधी धाकल्या लेकीचं बाळंतपन निघालं, चिपळूणला गेलो. र्‍हाऊनच गेलो तिकडं. आता कवा काढू म्हनलं तर गाडी बिघडल्यापास्नं ही रात-दिस गाडीपाशीच. मला लाज वाटती, मास्तर. चावडीवर बोललेला मानूस मी. गाडीला हात लावनार न्हाई म्हनून.”

त्याला एवढीच लाज होती. बाकीचं त्याला माहीत नव्हतं. आणि ते सांगायचं माझ्यावर आलं होतं.

“आबा,” मी म्हणालो, “तुम्ही नव्हता तेव्हा हे फडकं घट्ट झालं. हवा कोंडली. टर्बो तेल ओकायला लागला तो ह्याच्यामुळं.”

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. तोंड उघडं, दात दोनचारच.

“ह्या फडक्यानं?”

“हो.”

“इंजिन...?”

“इंजिनाला काही झालेलं नाही असं वाटतं. वाटतं.” मी कधीच नुसतं ‘नाही’ म्हणत नसे.

त्याने चाकाला हात टेकला. पहिल्यांदाच मला दिसलं की त्याचा हात जिपेवर आहे, आणि त्यालाही ते दिसलं, पण त्याने काढला नाही. “मग तर सांगूच नका,” तो म्हणाला. “मी गाडीच्या विरुद्ध, ह्ये समद्या गावाला ठाव. कोन म्हनंल मी वासापायी केलं? ती म्हनंल, म्हाताऱ्यानं गाडी मारली. आन् जाईल. पोर बी जाईल.” त्याचा आवाज फाटला. “शबुद द्या. माज्या तोंडानं सांगीन तवा सांगीन. तुमी बोलू नगा.”

तिकडे पानसकर हाक मारत होते, “मास्तर, घावलं का काय?”

“देतो,” मी म्हणालो.

कापडाचा गोळा कुठे टाकणार? अंगण झाडून लख्ख होतं. मी तो पँटच्या खिशात कोंबला आणि बाहेर आलो. म्हातारा ओट्यावर जाऊन पुन्हा पाठ करून बसला होता.

“ब्रीदरचं तोंड बुजलं होतं,” मी म्हणालो. “तेल, धूळ, ह्या हवेतलं पाणी, सगळं मिळून बूच झालं होतं. काढलंय. आता गाडी सुरू करा.”

शालनताई चढल्या. इंजिन लागलं. मी झाकण पुन्हा तोंडावर ठेवलं. ते जरा थरथरलं आणि बसलं. तसंच राहिलं. मागून धूर येत होता, निळाच.

“अजून हाय की धूर,” पानसकर म्हणाले.

“आत साठलेलं तेल जळायला हवं,” मी म्हणालो, आणि हे खरं असू दे अशी मनातल्या मनात प्रार्थना केली. “थोडं थांबा.”

आम्ही थांबलो. धूर निळ्याचा राखाडी झाला. मग विरळ झाला. मग जिपेच्या मागे फक्त समोरचा डोंगर दिसायला लागला.

बाबालाल रडत होता. त्याने बाहीने तोंड पुसलं तर गालावर काळं लागलं. “नाना,” तो म्हणाला, “टर्बो नवाच होता. पन चूक माजीच हाय. टर्बोला हात लावायच्या आदी खालचं तोंड बघायला पायजे होतं. मी बघितलं न्हाई.”

“मास्तर, टर्बो नवा?” पानसकरांनी मला विचारलं.

“नवा आहे आणि चांगला आहे. कोणताही टर्बो असता तरी हेच झालं असतं.” त्या दिवशी निःशंकपणे बोललेलं माझं हे एकच वाक्य.

पानसकरांनी बाबालालच्या पाठीवर थाप मारली. “चल रं. आता ष्टँडवर मीच सांगतो.”

शालनताई खाली उतरल्या. माझ्यापाशी आल्या. “सर, बूच झालं म्हंता. पन त्या पाइपातनं हवा बाहेर येती न्हवं? बाहेरचा कचरा आत जाईल कसा?”

मी मान खाली घातली. तिथे, माझ्या पँटच्या खिशावर, तेलाचा डाग पसरत चालला होता.

“होतं कधी कधी,” मी म्हणालो. मग, विषय बदलायला, विचारलं, “गाडीत तेलाचा वास यायचा का तुम्हाला?”

“लई यायचा. जीव नकोसा व्हायचा. मग मधी आपोआप कमी झाला. हे कसं काय कळलं तुमाला?”

“पाइपाचं तोंड सीटखाली आहे ना. बाबालाल ते आणखी मागे नेईल आणि त्याला तेल धरायला डबा बसवेल. फक्त डब्याला हवा जायला वाट ठेवायची. तोंड कधी झाकायचं नाही. कशानंही.” शेवटचे शब्द मी जरा मोठ्याने म्हणालो. ओट्यावरची पाठ हलली नाही.

शालनताई माझ्या खिशाकडे बघत होत्या. मग माझ्या तोंडाकडे. मग आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या.

परत येताना घाटात बाबालाल माझ्या शेजारी बसला होता. पुढे पानसकर गाणं गुणगुणत होते. बाबालाल हळूच म्हणाला, “सर, खिशात कचरा घिऊन चाललाय.”

“हो.”

“दावनार न्हाई?”

“नाही.”

नदीजवळ वळणावर त्याने खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघायला लागला. मी गोळा फेकून दिला.

वर्षं गेली. बाबालालचा अधूनमधून फोन यायचा. शालनताईंनी दुसरी जीप घेतली, मग मिनीबस. त्यांची पोर कॉलेजात गेली. राऊ यादवांनी कधी सुनेच्या गाडीत पाऊल टाकलं नाही. मीही कधी विचारलं नाही, की त्यांनी त्यांच्या तोंडाने सांगितलं का. मग ते पत्र आलं, आणि मला कळलं की सांगितलं नव्हतं. पत्रात त्या प्रश्नाखेरीज आणखी काही ओळी होत्या. ‘कचरा कोणी खिशात घालून नेत नाही, सर. मी तेव्हाच ओळखलं होतं. मामंजी आता अंथरुणाला खिळलेत. सगळं मीच करते. विचारलं तर भिंतीकडे तोंड करतात. करायला माझी ना नाही, पण हात लावताना तेच मनात येतं.’

मला माझा शब्द आठवला. तो शब्द माझा होता, त्यातून सोडवायचा अधिकार आबांचा होता. मी वाट बघत राहिलो. खरं म्हणजे मला हेही वाटत होतं की, कोण जाणे, म्हाताऱ्याने मला फसवलंही असेल. पुस्तकातला माणूस मी, मला माणसं काय कळतात? मग शालनताईंचं वाक्य आठवायचं, वास मधी आपोआप कमी झाला. मग पुन्हा शंका यायची. असं पुष्कळ दिवस चाललं.

गेल्या मंगळवारी बाबालालचा फोन आला. “सर, राऊआबांचं काही खरं न्हाई. अन्न सुटलंय. पाणी चमच्यानं घालतात.”

“शुद्धीवर आहेत?”

“आहेत की. ऐकू येतं. समदं कळतं. सर, तुमी काही सांगनार असाल तर... वहिनींचा नंबर देऊ का?”

त्याने नंबर दिला. मी लावला. शालनताईंनी उचलला. “हॅलो? कोन? कोन बोलतंय?” मागे भांड्यांचा आवाज होता, कोणीतरी कण्हत होतं. मी फोन ठेवला. असा मी आहे. ह्या वयात आता सुधारणार नाही.

मग लिहायला बसलो. पहिल्यांदा चार पानं झाली, त्यात मी ब्रीदर म्हणजे काय हे समजावून सांगितलं होतं. ती फाडली. शेवटी एवढं राहिलं:

‘शालनताई, माझ्या खिशात होतं ते फडकं आबांचं होतं. घाटातून घरी आलात की तेलाच्या वासानं तुम्हाला परसात उलट्या व्हायच्या, ते त्यांना ऐकू यायचं. म्हणून नळाला बांधतात तसं त्यांनी पाइपाला धुतलेलं फडकं बांधलं. तुम्ही उठायच्या आधी ते रोज बदलायचे. चिपळूणला गेले तेव्हा बदलायचं राहिलं आणि बुजलं. बुजल्याने गाडी बिघडते हे त्यांना माझ्याकडून कळलं, आधी माहीत नव्हतं. तुम्ही जाल ह्या भीतीने त्यांनी मला बोलू नका म्हटलं. मी शब्द दिला होता. तो आज मोडतो आहे, तसं त्यांना सांगा. हे पत्र त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाचलंत तर बरं. मा. ग. खासनीस.’

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीने पाकीट वजनाच्या काट्यावर ठेवलं, पत्ता वाचला.

“आजोबा, साधं पाठवू की स्पीड पोस्ट? घाईचं आहे का?”

“हो,” मी म्हणालो. “फार घाईचं आहे.”

तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.